पाचवे शिक्षापद आणि रुग्णसेवा : एका रूढ अर्थाची समीक्षा

आमच्या विहारांतून दर रविवारी व दर पौर्णिमेस पंचशीलाचे ग्रहण होते. पाचव्या शिक्षापदापाशी सभेचा आवाज किंचित चढतो, असा अनेकांचा अनुभव असेल. त्यामागे इतिहास आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या अनुयायांस ज्या बावीस प्रतिज्ञा दिल्या, त्यांत दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे. गावाने ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या उष्ट्यावर आणि गुत्त्यावर जगणारे म्हणून हिणवले, त्यांनी आपले चारित्र्य आपणच घडवू, असे त्या दिवशी जगास सांगितले. त्या प्रतिज्ञेचे मोल कमी करण्याचा आमचा मुळीच हेतू नाही.

परंतु या शिक्षापदाचा एक रूढ अर्थ आपल्या वस्त्यांतून पक्का होत गेला आहे, आणि त्याची परीक्षा करणे आम्हांस अगत्याचे वाटते. जो पितो तो शीलभ्रष्ट, आणि जो शीलभ्रष्ट तो आपल्यातला नव्हे, असा हा अर्थ आहे. तो कोणी लिहून ठेवलेला नाही. वंदनेला आलेल्या माणसाच्या तोंडाचा वास आला की शेजारचा सरकून बसतो, त्या सरकण्यात तो असतो. वर्गणीच्या यादीत ज्याचे नाव असते पण कार्यकारिणीच्या यादीत कधी येत नाही, त्याच्या बाबतीतही तो असतो. हा अर्थ विनयपिटकास धरून नाही, आणि त्यामुळे आपल्यातील सर्वांत दुबळा माणूस उपचारापासून दूर राहतो, हे आम्ही प्रस्तुत लेखात दाखवू इच्छितो.

शिक्षापदाची जन्मकथा

विनयपिटकातील प्रत्येक नियमास निदान आहे, म्हणजे तो नियम कोणत्या प्रसंगी घालून दिला गेला याची कथा आहे. भिक्खूंस मद्यपान निषिद्ध करणारा नियम पाचित्तिय वर्गात येतो. त्याचे निदान म्हणजे सागत स्थविरांची कथा.

सागत हे सामान्य भिक्खू नव्हते. आम्रतीर्थावरील जटिलाच्या आश्रमात राहणाऱ्या एका भयंकर नागाचे त्यांनी आपल्या तेजाने दमन केले होते. त्यांची कीर्ती कौशांबीपर्यंत पोहोचली. भगवंत संघासह तेथे आले, तेव्हा तेथील उपासकांनी विचारले की, आर्यांस कोणती वस्तू दुर्लभ व प्रिय आहे? उत्तर दिले ते षड्वर्गीय भिक्खूंनी. विनयात ही मंडळी नेहमी खोडकरपणासाठीच येतात. कबुतराच्या पायासारख्या रंगाचे उंची मद्य तयार ठेवा, असे त्यांनी सांगितले. भाविक उपासकांनी घरोघरी ते तयार केले. भिक्षेस आलेल्या सागतांना प्रत्येक दारी ते पाजण्यात आले, आणि नगरातून बाहेर पडताना ते वेशीतच कोसळले.

पुढचा भाग आपल्या प्रवचनांतून बहुधा गळतो, म्हणून तो सावकाश वाचला पाहिजे. भगवंत भिक्खुसंघासह त्याच वेशीतून बाहेर पडत होते. त्यांनी सागतांना पडलेले पाहिले आणि प्रथम भिक्खूंना आज्ञा केली ती त्यांना उचलण्याची. भिक्खूंनी त्यांना आरामात आणून, भगवंतांकडे डोके येईल असे निजविले. सागत नशेतच वळले आणि भगवंतांकडे पाय करून झोपले. तेव्हा भगवंतांनी भिक्खूंस प्रश्न केले. हा सागत पूर्वी तथागतांविषयी आदर बाळगणारा होता ना? आज तो आदर आहे काय? ज्याने नागाशी झुंज दिली, तो आज पाण्यातल्या सापाशी तरी झुंजू शकेल काय? या प्रश्नोत्तरानंतर त्यांनी सागतांच्या वर्तनाची निर्भर्त्सना केली आणि नियम घालून दिला.

हा क्रम लक्षात घेण्यासारखा आहे. आधी उचलणे झाले, मग आत आणणे, मग विचारपूस, आणि शेवटी नियम. नियम जेव्हा उच्चारला गेला, तेव्हा प्यालेला माणूस वेशीबाहेर पडून नव्हता, तो संघाच्या मध्यभागी निजलेला होता. शिवाय या कथेत एकट्या सागतांचाच हात आहे असे नाही. सल्ला देणारे वेगळे होते, ओतणारे वेगळे होते, आणि ओतणाऱ्यांना आपण पुण्य करीत आहोत असेच वाटत होते. निवडणुकीच्या आदल्या रात्री वस्तीत पेट्या उतरविणाऱ्यांस पुण्याची भ्रांतीही नसते, एवढाच काय तो फरक.

दोषाची मोजमापे

विनयाने या दोषास कोणती जागा दिली, हेही पाहू. भिक्खूला संघातून कायमचे वेगळे करणारे दोष चार आहेत, त्यांस पाराजिक म्हणतात. मद्यपान त्यांत नाही. ते पाचित्तिय आहे, म्हणजे सहभिक्खूपुढे कबुली देऊन ज्यातून शुद्ध होता येते असा दोष. श्रामणेराच्या बाबतीत मद्यपान हे नाशनाचे एक कारण म्हणून सांगितले आहे, हे येथे प्रामाणिकपणे नमूद केले पाहिजे. पण ती प्रव्रज्या घेतलेल्या, उपसंपदेच्या उमेदवाराची शिस्त आहे. संसारात राहून ऊस तोडणाऱ्या, बांधकामावर विटा वाहणाऱ्या उपासकावर ती लादण्यास विनयात आधार नाही.

आणखी एक गोष्ट आहे. नियमाच्या शेवटी अनापत्तीची यादी येते, म्हणजे कोणास दोष लागत नाही याची. प्रथम कर्ता त्यात येतो, म्हणून स्वतः सागतांस आपत्ती लागली नाही. विनयाच्या नियमांशी जोडलेल्या या याद्यांत उन्मत्त, क्षिप्तचित्त आणि वेदनार्त यांचाही उल्लेख पुनःपुन्हा येतो. ज्याचे चित्त ठिकाणावर नाही, त्याला त्या अवस्थेतील कृतीबद्दल दोषी धरू नये, हे तत्त्व विनयाने असे शब्दांत बांधून ठेवले आहे. गग्ग नावाच्या भिक्खूस वेड लागले होते. बरा झाल्यावरही लोक त्याला जुन्या कृतींवरून छळू लागले, तेव्हा संघाने त्याला अमूढविनय द्यावा, म्हणजे वेडाच्या भरातील गोष्टी पुन्हा उकरून काढू नयेत, असे भगवंतांनी सांगितले. मनोरुग्णालयातून परतलेल्या मुलीस तिच्या आजारपणातील वर्तनाची आठवण लग्नाच्या बोलणीत करून देणारा आपला समाज या एका प्रकरणापुढे फार लहान ठरतो.

सागतांचा शेवट काय झाला? तेजोधातूत कुशल असलेल्या भिक्खूंमध्ये अग्रगण्य म्हणून त्यांचे नाव अंगुत्तरनिकायात आहे, आणि पुढे ते अर्हत झाले असे अट्ठकथा सांगते. वेशीत कोसळलेला माणूस अर्हतपदास पोहोचू शकतो, असे आपली परंपरा मानते. मग आपल्या गल्लीच्या तोंडाशी कोसळलेल्याविषयी आपण आशा का सोडावी?

निरुपयोगी माणसाची सेवा

महावग्गातील दुसरी कथा बहुतेक वाचकांस परिचित आहे. पोटाच्या विकाराने पछाडलेला एक भिक्खू स्वतःच्या मलमूत्रात पडून होता. तुझी सेवा कोणी का करीत नाही, असे भगवंतांनी विचारता, आपण इतर भिक्खूंच्या काही उपयोगी पडत नाही म्हणून, असे त्याने सांगितले. भगवंतांनी पाणी घातले, आनंदांनी त्याचे अंग धुतले, आणि दोघांनी डोक्याकडून व पायांकडून उचलून त्याला मंचकावर निजविले. नंतर संघास बोलावून, येथे तुमची आई नाही, बाप नाही, तुम्हीच एकमेकांची सेवा केली पाहिजे, आणि जो माझी सेवा करू इच्छितो त्याने रुग्णाची करावी, अशा आशयाचा उपदेश त्यांनी केला.

याच ठिकाणी चांगल्या शुश्रूषकाची पाच लक्षणे आहेत. त्याला औषध तयार करता यावे, पथ्य व अपथ्य कळावे, लाभासाठी नव्हे तर मैत्रीने सेवा करता यावी, मल, मूत्र, थुंकी व ओकारी काढण्याची किळस नसावी, आणि वेळोवेळी धम्मकथेने रुग्णास प्रफुल्लित करता यावे. उपदेश येथे पाचव्या क्रमांकावर आहे, ओकारी काढणे चौथ्या. आपण मात्र व्यसनी माणसाकडे जातो तो थेट पाचवे लक्षण घेऊन.

ज्याची सेवा करणे कठीण अशा रुग्णाचीही लक्षणे तेथे दिली आहेत. तो अपथ्य करतो, प्रमाण जाणत नाही, औषध घेत नाही, हितचिंतकापासून आजार लपवितो, वेदना सोसू शकत नाही. व्यसनाधीन माणसाचे किंवा दीर्घ मनोविकाराने त्रासलेल्याचे याहून नेमके वर्णन करणे अवघड आहे. अशा रुग्णाची सेवा कठीण असते, हे धम्माने मान्य केले आहे. ती सोडून द्यावी, असे कोठेही म्हटलेले नाही. सिगालसुत्तात मद्यपानाचे जे सहा अनर्थ सांगितले आहेत, त्यांत ते रोगांचे घर आहे हाही एक अनर्थ आहे. मद्यपान रोगाचे घर असेल, तर मद्यपी हा रुग्ण ठरतो, आणि रुग्णाच्या बाबतीत महावग्गाची आज्ञा लागू होते.

प्रतिज्ञा पुरेशी आहे काय ?

एक वैद्यकीय गोष्ट येथे स्पष्ट सांगणे आवश्यक आहे, कारण तिच्या अज्ञानाने माणसे दगावतात. जो अनेक वर्षे रोज भरपूर पितो, त्याने दारू एकाएकी तोडली तर हात थरथरतात, घाम सुटतो, झोप उडते. काहींना पहिल्या दोन दिवसांत झटके येतात. दोन ते चार दिवसांच्या सुमारास काहींना भास होऊ लागतात, दिवसवार कळेनासे होते, आणि उपचार न मिळाल्यास प्राणावर बेतते. अशा माणसाने डॉक्टरांच्या देखरेखीखालीच दारू सोडावयाची असते. त्यासाठी औषधे आहेत, आणि ब-१ जीवनसत्त्व देणेही महत्त्वाचे असते. बुद्धजयंतीला सभेत हात वर करून घेतलेली प्रतिज्ञा, आणि ती मोडू नये म्हणून घरच्यांनी खोलीस लावलेली कडी, हे दोन्ही सद्हेतूचे खरे, पण अशा माणसाच्या बाबतीत जीवघेणे ठरू शकतात. मग शेजारपाजारी म्हणतात, दारू सोडली आणि वेड लागले, किंवा बाहेरचे काही झाले. तेथून वाट दवाखान्याकडे न जाता मांत्रिकाकडे जाते.

व्यसनी व्यक्तीस न सांगता दारू सोडवा, अशा जाहिराती आपण भिंतींवर पाहतो. दारूशी विपरीत प्रतिक्रिया घडविणारे औषध एखाद्याच्या भाजीत नकळत कालवले आणि त्यावर तो प्याला, तर रक्तदाब घसरून जीव धोक्यात येतो. हे औषध डॉक्टर देतात ते रुग्णास सर्व समजावून, त्याच्या संमतीने. काही खाजगी केंद्रांतून मारहाणीच्या व डांबून ठेवण्याच्या तक्रारी येतात, त्याही याच समजुतीतून निघतात की, व्यसनी माणसास स्वतःचे मत नसते.

येथे कोणी महाडची आठवण करून देईल. १९२७ च्या डिसेंबरात महाड येथे स्त्रियांपुढे बोलताना बाबासाहेबांनी, नवरा वा मुलगा दारू पिऊन आला तर त्याला जेवू घालू नका, असा सल्ला दिला होता. मग आम्ही सांगतो ती करुणा त्या सल्ल्याच्या विरुद्ध नाही काय? आम्हांस तसे वाटत नाही. तो सल्ला ज्यांच्या हाती दुसरे काही शस्त्र नव्हते, अशा स्त्रियांस दिलेला होता. मार खाऊन, उपाशी राहून नवऱ्याचे व्यसन पोसणे हा स्त्रीचा धर्म नव्हे, हे त्यांना सांगणे तेव्हाही आवश्यक होते आणि आजही आहे. स्त्रीने घराचे दार लावण्याचा अधिकार आणि विहाराने आपले दार लावण्याचा प्रघात या वेगळ्या गोष्टी आहेत. घराचे दार ज्या रात्री बंद होते, त्या रात्रीच विहाराचे दार उघडे असण्याची अधिक गरज असते, आणि ते स्त्रीसाठीही उघडे असले पाहिजे. शुश्रूषेचे ओझे तिच्या एकटीच्या खांद्यावर टाकून धम्मबांधवांनी मोकळे होणे, यास करुणा म्हणता येत नाही.

प्रतिज्ञा आणि राज्याचे धोरण यांत बाबासाहेब किती काटेकोर भेद करीत, हेही पाहण्यासारखे आहे. शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनच्या १९५१ च्या निवडणूक जाहीरनाम्यात दारूबंदीच्या धोरणास स्पष्ट विरोध होता. बंदीने महसूल बुडतो आणि दारू गाळणे हा घरगुती धंदा होऊन बसतो, असे तेथे म्हटले होते. पाच वर्षांनी अनुयायांस दारू न पिण्याची प्रतिज्ञा देणारे नेतृत्व तेच. आपल्या माणसाने पिऊ नये असे त्यांना वाटे, पण सरकारी हुकूम काढल्याने पिणे थांबते, असा भ्रम त्यांना नव्हता. जून २०१५ मध्ये मुंबईतील मालवणी येथे विषारी दारूने शंभराहून अधिक माणसे मेली. मेली ती स्वस्त दारू पिणारी, मजुरी करणारी माणसे. चंद्रपूर जिल्ह्यात १ एप्रिल २०१५ पासून लागू झालेली दारूबंदी २०२१ मध्ये उठविण्यात आली. दारूबंदीसाठी झगडणाऱ्या भगिनींविषयी आम्हांस आदर आहे. आमचा प्रश्न एवढाच की, दुकान बंद झाले त्या दिवशी ज्याचे हात थरथरू लागले, त्याच्यासाठी गावात काय उघडले?

कायद्याचा कागद आणि कागदाबाहेरचे अंतर

मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ हा २९ मे २०१८ पासून देशात लागू आहे. आमच्या वाचकांनी तो एकदा तरी वाचावा. मानसिक आजाराच्या व्याख्येत दारू व अमली पदार्थांच्या सेवनाशी निगडित मनोवस्था त्याने समाविष्ट केल्या आहेत, म्हणजे व्यसनाधीन माणूस कायद्याच्या दृष्टीनेही रुग्ण आहे. कलम १८ अन्वये प्रत्येकास शासनाच्या किंवा शासनाच्या निधीवर चालणाऱ्या सेवेकडून मानसिक उपचार मिळण्याचा हक्क आहे, आणि भेदभाव निषिद्ध करताना त्या कलमाने जातीचा उल्लेख शब्दशः केला आहे. दारिद्र्यरेषेखालील माणसास, शिधापत्रिका असो वा नसो, आणि बेघर व निराधार माणसास सरकारी संस्थेत उपचार विनामूल्य आहेत. जिल्ह्यात किमान सेवा उपलब्ध नसेल, तर त्याच जिल्ह्यातील अन्य संस्थेतील उपचाराचा खर्च शासनाने सोसावा, असेही तेथे लिहिले आहे. कलम ९५ ने रुग्णास साखळदंडाने बांधण्यास बंदी केली आहे. ६ ऑगस्ट २००१ रोजी तामिळनाडूतील एरवाडी येथे साखळ्यांनी बांधलेले २८ मनोरुग्ण आगीत जळून मेले, हे ज्यांना आठवते, त्यांना या कलमाची किंमत सांगावी लागणार नाही.

इतका चांगला कायदा असताना टीका कशासाठी? अशासाठी की, हक्क दिला गेला, पण हक्कापर्यंतचा रस्ता बांधला गेला नाही. बंगळूरच्या राष्ट्रीय संस्थेने २०१५-१६ मध्ये बारा राज्यांत मानसिक आरोग्याची पाहणी केली. निरनिराळ्या आजारांत ७० ते ९२ टक्के रुग्णांस उपचार मिळत नाहीत, असे तीत दिसून आले. दारूच्या विकारांत हे प्रमाण ८६ टक्के होते. त्या बारा राज्यांत महाराष्ट्र नव्हता. सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेने केलेला व्यसनविषयक अहवाल २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार देशात सुमारे १६ कोटी लोक दारू पितात आणि ५ कोटी ७० लाखांहून अधिक लोकांस त्याबाबत मदतीची गरज आहे. दारूवर अवलंबून असलेल्यांपैकी ३८ जणांत एकास काही तरी उपचार मिळाल्याचे आढळले. रुग्णालयात दाखल होऊन उपचार घेतलेला १८० जणांत एक होता.

हे ३७ कोण, याची कल्पना करणे कठीण नाही. ज्याच्यापाशी पैसे आहेत, तो शहरातील खाजगी डॉक्टरकडे जातो. महाराष्ट्रात शासनाची जुनी प्रादेशिक मनोरुग्णालये ठाणे, येरवडा, नागपूर व रत्नागिरी या चार ठिकाणी आहेत. मराठवाड्यात त्यांपैकी एकही नाही. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम १९९६ मध्ये देशात सुरू झाला, त्याने जिल्हा रुग्णालयापर्यंत सेवा आणली, हे मान्य केले पाहिजे. परंतु रोजंदारीवर जगणाऱ्यास जिल्ह्याच्या गावी जाणे म्हणजे एका दिवसाची मजुरी आणि दोन माणसांचे बसभाडे. बाह्यरुग्ण विभाग सकाळी चालतो, आणि त्याच वेळी नाक्यावर मजुरांची निवड होते. औषध महिन्याने संपते. दुसऱ्या महिन्यात ऊसतोडीची टोळी परजिल्ह्यात गेलेली असते. मग कागदावर शेरा पडतो की, रुग्णाने उपचार सोडला. खरे पाहता उपचारांनीच त्याला सोडलेले असते.

एक आक्षेप

आमच्या चळवळीतील विचारी मंडळी एक गंभीर आक्षेप घेतात. दुःखाचे कारण जातिव्यवस्थेत असताना पीडितास मनोरुग्ण ठरविणे म्हणजे अन्यायावर पांघरूण घालणे नव्हे काय? १७ जानेवारी २०१६ रोजी हैदराबाद केंद्रीय विद्यापीठातील संशोधक रोहित वेमुला याने आत्महत्या केली, तेव्हा देशभरातील विद्यार्थ्यांनी तिला संस्थात्मक हत्या म्हटले, ते याच जाणिवेतून. गटारात उतरणारा सफाई कामगार आधी दारू घेतो, कारण शुद्धीवर राहून ती घाण सोसवत नाही. त्याला समुपदेशन देऊन पुन्हा त्याच गटारात उतरविणे, याला उपचार म्हणावयाचे काय?

आक्षेप खरा आहे. आम्ही तो बाजूस सारीत नाही. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात बाबासाहेबांनी दुःखाचा विचार सामाजिक व आर्थिक शोषणाशी जोडला, त्याचे मर्म हेच आहे. आजाराची खूण माणसाच्या सामाजिक स्थितीत वा प्रचलित नीतीशी न जुळणाऱ्या वर्तनात शोधू नये, असे २०१७ च्या कायद्यानेही बजावले आहे. हाताने मैला साफ करण्यास २०१३ च्या कायद्याने बंदी आहे. तिची अंमलबजावणी हाही मानसिक आरोग्याचाच कार्यक्रम मानला पाहिजे.

तथापि कारण सामाजिक आहे म्हणून यातना सामाजिक होत नाही. ती एका माणसाच्या यकृतात, एका माणसाच्या झोपेत, एका माणसाच्या रात्री दोन वाजता असते. बाण कोणी मारला याचा शोध चालू असताना बाण काढणे थांबवू नये, हे तथागतांनी शिकविले. जातिअंताची लढाई दीर्घ आहे. ती लढणारी माणसे तोवर जिवंत आणि शुद्धीवर राहिली पाहिजेत. आणि श्रीमंताच्या मुलास नैराश्य आले की डॉक्टर, आपल्या मुलास आले की केवळ घोषणा, अशी विभागणी आपणच मान्य करणे हीही एक विषमताच होय.

विहाराचे काम

हे काम तज्ज्ञांचे आहे, आपण काय करणार, असे कोणी म्हणेल. गोव्यातील ‘संगत’ या संस्थेशी संबंधित संशोधकांनी तेथील दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत एक प्रयोग केला. त्याचे निष्कर्ष २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आले. ज्यांचे पिणे घातक झाले होते पण पूर्ण अवलंबित्वास पोहोचले नव्हते, अशा ३७७ पुरुषांपैकी निम्म्यांशी, वैद्यकीय पदवी नसलेल्या परंतु प्रशिक्षण घेतलेल्या समुपदेशकांनी चारपर्यंत बैठकांत संवाद केला. तीन महिन्यांनी या गटातील ३६ टक्के, तर नेहमीची सेवाच मिळालेल्या गटातील २६ टक्के लोक घातक पिण्यातून बाहेर आले होते. चमत्कार घडला नाही. पण शंभरात दहा घरे अधिक सावरली, आणि ती सामान्य माणसांच्या हातून सावरली. पुण्यात २९ ऑगस्ट १९८६ रोजी डॉ. अनिता अवचट व अनिल अवचट यांनी सुरू केलेल्या मुक्तांगणातही, व्यसनातून बाहेर पडलेले रुग्णमित्र हेच नव्या रुग्णाचा हात धरतात.

विहार ही आपल्या वस्तीत आधीच उभी असलेली वास्तू आहे. तिला वीज आहे, सतरंजी आहे, आठवड्याची ठरलेली वेळ आहे, आणि तेथे येण्यास कोणाला चिठ्ठी लागत नाही. व्यसनमुक्त झालेल्यांची व होऊ पाहणाऱ्यांची साप्ताहिक बैठक तेथे भरू शकते. तिच्याच शेजारी, वेगळ्या वेळी, त्यांच्या घरच्या स्त्रियांची बैठक भरू शकते. दोन कार्यकर्त्यांनी महिन्यातून एक दिवस रुग्णांबरोबर जिल्हा रुग्णालयात जावे, बसभाड्याची तरतूद पौर्णिमेच्या दानातून व्हावी. विनामूल्य उपचार नाकारले गेले तर कलम १८ चा अर्ज लिहून द्यावा. आपल्या तरुण वकिलांनी एवढे काम अंगावर घ्यावे. १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झालेल्या केंद्र शासनाच्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक विहाराच्या फलकावर ठळक लिहावा. बौद्धाचार्यांच्या व श्रामणेर शिबिरांच्या अभ्यासक्रमात, दारू एकाएकी तोडण्याचे धोके आणि आत्महत्येचा विचार बोलून दाखविणाऱ्याशी कसे बोलावे, हे दोन पाठ असावेत. आणि ज्याने सहा महिने सोडून पुन्हा घेतली, तो दाराशी आला तर त्याला पुन्हा बसवून घ्यावे. कबुली देऊन शुद्ध होण्याचा मार्ग पाचित्तियात ठेवला आहे, तो असा परत येणाऱ्यासाठीच.

शीलाचा आग्रह सैल करा, असे आम्ही म्हणत नाही. आमचे म्हणणे असे की, शिक्षापद हे शिकण्याचे पद आहे, आणि शिकणारा चुकतो, हे ते देणाऱ्याने गृहीत धरले आहे. येत्या वर्षावासात विनयाचे वाचन होईल, तेव्हा सागत स्थविरांची कथा नियमापासून सुरू न करता वेशीपासून सुरू करावी, आणि वाचन संपल्यावर आपल्या वस्तीतील अशी नावे कागदावर मांडावी. ती यादी कोणास वगळण्यासाठी नसेल. सोमवारी सकाळी रुग्णालयात कोण कोणाबरोबर जाणार, हे तिच्यावरून ठरवावयाचे आहे.